चुकीचे चलान आणि ‘गुन्हा कबूल नाही’ म्हणण्याचा अधिकार

ई-चलानवरून महाराष्ट्रात चाललेला वाद दोन्ही बाजूंनी चुकीच्या टोकाला धरून ओढला जातो आहे. एक बाजू म्हणते की नियम मोडणारेच ओरडतात, ज्याने काही केले नाही त्याला कसली भीती. पैसे भरा आणि मोकळे व्हा. दुसरी बाजू म्हणते की ही सगळी सरकारी वसुली आहे. भरूच नका, लोकअदालत येऊ द्या, सवलत मिळेल, नाहीतर एखाद्या दिवशी सगळेच माफ होईल. जुलै 2025 मध्ये मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या विरोधात संप पुकारला, तेव्हाही चर्चा याच दोन टोकांमध्ये फिरत राहिली. आपल्या नावावर आलेले एखादे विशिष्ट चलान चुकीचे आहे अशी ज्याची प्रामाणिक खात्री आहे, त्या माणसाने नेमके काय करायचे, हे मात्र दोघांपैकी कोणीच सांगत नाही. माझे मत असे आहे की त्याने न्यायालयात जावे, तिथे ‘गुन्हा कबूल नाही’ असे सांगावे, आणि केवळ दंडाच्या लहान प्रकरणात हे काम वकील न लावता स्वतः करावे. त्याला ते करता येईल अशी वाट मोकळी ठेवणे ही शासनाची आणि न्यायसंस्थेची जबाबदारी आहे, आणि आज ती पुरेशी पाळली जात नाही.

मुळात चलान म्हणजे शिक्षा नव्हे, तो आरोप आहे. पोलिसांना कोणालाही दोषी ठरवण्याचा अधिकार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 खाली त्यांना फक्त तडजोडीची रक्कम स्वीकारून प्रकरण मिटवता येते. आपण मोबाइलवर चलान भरतो तेव्हा आपण दंड भरत नसतो, तर आरोप लढवायचा नाही असे ठरवून तडजोड करत असतो. तडजोड करायची की नाही हे आपल्या मर्जीवर आहे, आणि ती केली नाही तर प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यापुढे जाणे हे कायद्याला अपेक्षितच आहे. त्याच कायद्याचे कलम 208 सांगते की अशा प्रकरणांच्या समन्सवरच न्यायालयाने लिहून द्यावे की आरोपी वकिलामार्फत किंवा स्वतः हजर राहू शकतो, अथवा ठरलेल्या तारखेआधी गुन्हा कबूल करून रक्कम मनिऑर्डरने पाठवू शकतो. स्वतः उभे राहण्याची वाट 1988 च्या या कायद्यातच वकिलाच्या वाटेशेजारी आखलेली आहे.

आता समोरच्यांचे म्हणणे. त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा रस्त्यावरच्या मृत्यूंचा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. एकट्या महाराष्ट्रात हा आकडा 15,000 च्या वर होता. वेगमर्यादा, हेल्मेट आणि सिग्नल हे विषय खरोखर जिवाशी निगडित आहेत, आणि बहुसंख्य चलाने बरोबर असतात हेही मला मान्य आहे. ज्याने सिग्नल तोडला आहे त्याने पैसे भरावेत. तांत्रिक खुसपट काढून सुटण्याची शिकवणी देण्यासाठी हा लेख नाही. पण बहुतेक आरोप खरे असतात या कारणासाठी प्रत्येक आरोप खरा मानायचा, तर न्यायालयांची गरज कुठल्याच गुन्ह्यासाठी उरणार नाही.

दुसरा मुद्दा व्यवहाराचा आहे आणि तो सोडवायला अधिक अवघड आहे. पाचशे रुपयांच्या चलानासाठी रोजंदारीवरच्या माणसाने दिवस बुडवावा का? न्यायालयात हरल्यास दंड वाढू शकतो, हेही खरे. हेल्मेटचे उदाहरण घ्या: कायद्यातला दंड 1,000 रुपये आणि सोबत तीन महिने लायसन्स अपात्र, तर राज्याने ठरवलेली तडजोडीची रक्कम 500 रुपये. शिवाय ज्याला कोर्टाची सवय नाही तो स्वतःच्याच बोलण्यात अडकतो. घाटात साठची मर्यादा असताना जो वाहनचालक ‘साहेब, मी सत्तरच्या वर गेलोच नाही’ असे कळवळून सांगतो, त्याने पोलिसांचे काम आपणच पूर्ण केलेले असते. वकिलाने त्याला तिथे गप्प बसवले असते. म्हणून मर्यादा स्पष्टपणे आखली पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप असेल, ज्यात तुरुंगवासाची तरतूद आहे असे धोकादायक वाहन चालवण्याचे कलम लागले असेल किंवा अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर वकील हवाच. तो परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. माझे म्हणणे या मर्यादेच्या अलीकडच्या प्रकरणांबद्दल आहे, आणि ई-चलानांचा मोठा ढीग तिथेच आहे.

या ढिगात चुका कशा शिरतात, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. चलानासोबतचा फोटो उघडला तर अनेकदा त्यात स्कूटरची मागची बाजू, ब्रेकच्या दिव्याचा लाल उजेड आणि त्यात अर्धवट बुडालेली नंबरप्लेट एवढेच दिसते. 3 आहे की 8, हे माणसाच्या डोळ्यालाही सांगता येत नाही, आणि यंत्राने मात्र ते ठामपणे ठरवलेले असते. चारचाकीच्या मालकाला हेल्मेट न घातल्याचे चलान येते. गाडी विकून झालेली असते, पण आरटीओच्या नोंदीत नाव बदललेले नसते. कोणीतरी तोच नंबर आपल्या गाडीवर लावून फिरत असतो, आणि ज्या शहरात आपली गाडी कधी गेलीच नाही तिथले चलान मूळ मालकाच्या दारात येते. पोलिसांनी खासगी मोबाइलवर फोटो काढून चलान करू नये, असे आदेश खात्यातल्या वरिष्ठांनाच काढावे लागले, यावरून काय समजायचे? यापैकी कोणतीही चूक वाहनधारकाच्या बेशिस्तीतून आलेली नाही, आणि त्याने निमूटपणे पैसे भरले तर ती कधी उघडकीलाही येत नाही.

हे धोके सरकारला ठाऊक नव्हते असेही नाही. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम घालण्यात आला, तो मुळात याच चिंतेतून आला असावा असे त्याच्या मजकुरावरून दिसते. कॅमेऱ्याला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावे. कॅमेरा असलेल्या ठिकाणी ठळक फलक लावावा. गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही स्पष्ट दिसतील असा फोटो, वेळ, ठिकाण आणि यंत्राचे मोजमाप चलानात असावे. तेव्हा लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब चे प्रमाणपत्र, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुरावा कोणत्या यंत्रातून कसा तयार झाला याची लेखी ग्वाही, जोडावे. सूचना पंधरा दिवसांत पाठवावी. आणि चलान निकाली निघेपर्यंत मूळ चित्रण जपून ठेवावे. हे प्रमाणपत्र म्हणजे नुसती औपचारिकता आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच राज्यातला निवाडा आठवावा. जालन्याच्या एका विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले की मूळ उपकरणच न्यायालयापुढे आणलेले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत असे प्रमाणपत्र अनिवार्य आहे. आमदारकीच्या खटल्यात जी काटेकोरता आवश्यक ठरते, ती रिक्षावाल्याच्या दोन हजारांच्या चलानात अनावश्यक कशी ठरेल?

‘यंत्र कशाला खोटे बोलेल’ हा युक्तिवाद ऐकला की मला ब्रिटनच्या टपाल खात्याचे प्रकरण आठवते. 1999 पासून तिथल्या उप-डाकघरांत होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. तिच्या हिशेबात तूट दिसू लागली आणि त्या तुटीवरून पुढच्या काळात नऊशेहून अधिक माणसे चोरी आणि अफरातफरीच्या गुन्ह्यांत दोषी ठरली. संगणक बरोबरच चालत असणार, असे तिथल्या कायद्याने गृहीत धरलेले होते. त्यांतल्या कित्येकांनी केवळ तुरुंग टळावा म्हणून गुन्हा कबूल केला होता. दोष प्रणालीत होता हे 2019 च्या निकालात मान्य झाले आणि त्या शिक्षा पुसण्यासाठी संसदेला 2024 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. चलानाची आणि त्या यातनांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण ‘लढण्यापेक्षा कबूल करणे स्वस्त’ असा हिशेब हजारो माणसे वेगवेगळी बसून करू लागली की यंत्राची चूक वर्षानुवर्षे लपून राहते, हे त्या प्रकरणात उघड झाले आहे.

याहून जवळचा दाखला आपल्याच मातीतला आहे. 12 मे 1875 रोजी सुपे येथून जो दख्खनचा उठाव पेटला, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि कर्जरोखे जाळले, एवढे बहुतेकांना माहीत असते. त्या संतापाच्या मुळाशी दिवाणी न्यायालयांचे एकतर्फी हुकूमनामेही होते, हे कमी सांगितले जाते. सावकार दावा लावी, समन्स निघे, शेतकरी येत नसे. कधी त्याला समन्स मिळालेलेच नसे, कधी वकिलाचे पैसे नसत, कधी गेलो तरी आपले कोण ऐकणार अशी त्याची धारणा असे. मग रोख्यावर लिहिलेली रक्कम हाच पुरावा ठरून जमिनीवर जप्ती येई. या दंगलींनंतर झालेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांत काय बदलले ते पाहा. न्यायाधीशाने केवळ कागदावर विसंबून न राहता व्यवहाराचा मूळ इतिहास तपासावा, शेतकऱ्याला समोर बोलावून त्याची जबानी घ्यावी, आणि लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांच्या प्रवेशावर मर्यादा असावी, असे त्या कायद्याने ठरवले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखालच्या न्यायालयांच्या कामावर देखरेख करण्याचे काम अनेक वर्षे केले. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, पतपुरवठा आटला अशी टीकाही त्यावर झाली. तरीही कागद बोलतो तेवढेच सत्य मानू नये आणि गरजू माणसाला स्वतः बोलू द्यावे, हे तत्त्व परक्या सरकारलाही मान्य करावे लागले. आज एका एसएमएसने आलेले आणि फोन नंबर बदलल्यामुळे कधी न पोचलेले चलान पोर्टलवर साचत जाते. ठरावीक मुदतीत हरकत नाही म्हणजे चलान मान्य, असे धरावे या विचाराकडे कलही वाढतो आहे. त्या एकतर्फी हुकूमनाम्यांहून हे वेगळे कसे, हे या विचाराच्या पुरस्कर्त्यांनी सांगावे.

वकील नसलेला माणूस न्यायालयात शोभत नाही, ही समजूत कायद्यालाच मान्य नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायाधिकरणात वकिलांच्या प्रवेशावर बंधन घातले, कारण मालकाच्या बॅरिस्टरपुढे कामगाराचा आवाज दबेल अशी भीती होती. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. ग्राहक आयोगात माणसे रोज स्वतःच उभी राहतात आणि जिंकतातही. भाषेची अडचण म्हणावी, तर 21 जुलै 1998 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवलेली आहे. ‘ती गाडी माझी नाही, माझ्या गाडीला मागे कॅरिअर आहे, फोटोतल्या गाडीला नाही’ हे वाक्य बोलायला कोणाला सनद लागत नाही. वकिलांबद्दल माझ्या मनात आकस नाही. दोन हजारांच्या प्रकरणात पाच हजारांची फी घेणे हे कोणत्याही प्रामाणिक वकिलालाही अवघड वाटेल. अशा पक्षकाराला दहा मिनिटांचा सल्ला देऊन ‘तुम्हीच उभे राहा’ असे सांगणारे वकील बार रूममध्ये भेटतातही.

प्रत्यक्षात काम कसे चालते, हे माहीत नसल्यामुळेच भीती जास्त आहे. सकाळी अकराच्या आत कोर्टात पोचून दाराबाहेरच्या बोर्डावर आपले नाव आणि अनुक्रमांक पाहावा. नाव नसेल तर शिरस्तेदाराकडे किंवा संबंधित लिपिकाकडे समन्स दाखवून विचारावे. पुकारा झाला की पुढे व्हावे आणि वकील दिलेला नाही, स्वतः हजर आहे, एवढे सांगावे. वकीलपत्राचा प्रश्न येत नाही. न्यायाधीश आरोप वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का असे विचारतात. इथेच बहुतेक जण गडबडतात आणि सगळी कहाणी सांगू लागतात. त्या क्षणी फक्त ‘कबूल नाही’ एवढेच म्हणायचे असते. राज्यघटनेच्या कलम 20(3) प्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर नाही. त्यानंतर सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. साक्षीला आलेल्या पोलिसाला विचारण्यासारखे प्रश्न थोडेच असतात: फोटो कोणत्या यंत्राने घेतला, त्या यंत्राचे मान्यतेचे प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंतचे आहे, मूळ चित्रण आज कुठे आहे. आणि आपल्या बाजूने आरसी बुक, गाडी त्या दिवशी दुसरीकडे होती हे दाखवणारे फास्टॅगचे विवरण किंवा गॅरेजची पावती, गाडीचे चारही बाजूंनी काढलेले फोटो, तसेच पोर्टलवर आधी केलेल्या तक्रारीची प्रत द्यावी. ही कागदपत्रे असलेला माणूस आणि नुसता हात जोडून उभा राहिलेला माणूस यांच्यात जो फरक पडतो, तो वकिलाच्या असण्या-नसण्याने पडणाऱ्या फरकाहून मोठा असतो.

न्यायालयांवर आधीच कोट्यवधी प्रकरणांचा भार आहे, त्यात चलानांची भर कशाला, असे विचारले जाते. भार खरा आहे, पण तो कोणी टाकला? चलाने यंत्राच्या वेगाने करायची आणि आक्षेप मात्र माणसाच्या वेगाने ऐकायचे, हे गणित शासनाने मांडले आहे. भार हलका करण्याचा जो उपाय रूढ झाला आहे, तो लोकअदालतीचा. लोकअदालत मोलाचे काम करते, पण तिचे क्षेत्र तडजोडीचे आहे. ‘मी हा गुन्हा केलाच नाही’ या वाक्यावर निर्णय देण्याचा अधिकार तिला नाही, आणि तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. निरपराध माणसाला तिथे फक्त कमी पैशांत कबुली मिळते. सवलतींनी तर आणखीच नुकसान केले. तेलंगणाने 2022 मध्ये दुचाकींच्या थकीत दंडावर 75 टक्के सूट दिली, कर्नाटकाने 2023 मध्ये 50 टक्के, आणि उत्तर प्रदेशाने त्याच वर्षी 2017 ते 2021 या पाच वर्षांची चलाने रद्दच केली. वेळेवर भरणारा यात मूर्ख ठरला, खरा दोषी सुटला, आणि ज्याचे चलान चुकीचे होते त्याला ते चुकीचे होते असे कोणीही म्हटले नाही.

याच पोकळीत समाजमाध्यमांवरचे कायदेपंडित घुसले आहेत. ‘सहा महिने झाले की चलान आपोआप बाद’ हे त्यांचे आवडते वाक्य. केवळ दंडाच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, असे फौजदारी प्रक्रियेचा कायदा सांगतो हे खरे. पण विलंब माफ करण्याचा अधिकारही त्याच कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे, आणि हा मुद्दा न्यायालयापुढे मांडावा लागतो, घरी बसून तो लागू होत नाही. आपोआप बाद होईल या आशेवर थांबलेला माणूस आणि माफीच्या आशेवर थांबलेला माणूस, दोघेही न्यायालयाकडे पाठ फिरवून बसलेले आहेत.

दिवस बुडण्याचा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचे उत्तर नागरिकाच्या जिद्दीवर सोडून चालणार नाही. 2020 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या काटोल येथे वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. तिथे रक्कम भरण्याचा आणि प्रकरण लढवण्याचा असे दोन पर्याय पडद्यावर दिसतात. पण भरणे दोन मिनिटांत होते, तर लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जाते आणि तिथून पुढे तारखा सुरू होतात. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा म्हणून जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 530 ने खटल्याचे कामकाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवण्याची मुभा दिली आहे, आणि केरळात कोल्लम येथे धनादेश न वटल्याची प्रकरणे चोवीस तास ऑनलाइन दाखल करून घेणारे न्यायालय त्याच वर्षी सुरू झाले. मग हरकत घेणाऱ्या वाहनधारकाची सुनावणी संध्याकाळी सात वाजता व्हिडिओवर का होऊ नये? प्रत्येक चलानाच्या एसएमएसमध्ये भरण्याच्या दुव्याशेजारी हरकतीचा दुवा मराठीत असावा, यंत्राचे प्रमाणपत्र आणि मूळ चित्रण तिथेच पाहायला मिळावे, आणि ते उपलब्ध नसेल तर खात्याने न्यायालयाची वाट न पाहता चलान मागे घ्यावे. हरकत मान्य झाल्यावर एक काम आणखी व्हायला हवे: एका कॅमेऱ्याने एका रात्री एका माणसाचा नंबर चुकीचा वाचला असेल, तर त्याच कॅमेऱ्याची त्या रात्रीची बाकीची चलाने तपासून चुकीच्या चलानांचे पैसे ज्यांनी मुकाट भरले त्यांना परत करावेत, आणि यासाठी त्यांच्या अर्जाची वाट पाहू नये.